नीरक्षीरविवेक : दुधातील द्रावणे व मिश्रणे यांचे रसायन

दूध आणि पाणी एकत्र करून हंसापुढे ठेवले असता तो पाणी मागे ठेवून तेवढे दूध पिऊन टाकतो, असा कविसंकेत आपल्या वाङ्मयात फार प्राचीन काळापासून रूढ आहे. सारासार विचार करण्याच्या शक्तीस 'नीरक्षीरविवेक' ही संज्ञा त्यावरूनच मिळाली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहू गेल्यास मात्र या संकेतात एक अडचण आहे. निर्भेळ गाईच्या दुधातही शंभर भागांपैकी सुमारे ८७ भाग पाणीच असते. म्हशीच्या दुधात ते सुमारे ८३ भाग असते. तेव्हा खरा प्रश्न 'दुधात पाणी आहे काय?' असा नसून 'त्यातील पाणी गाईचे किती व मागाहून घातलेले किती?' असा आहे. पाण्याचे रेणू सर्वत्र सारखेच. मूळचे कोणते आणि विहिरीचे कोणते, अशी खूण त्यांच्यावर नसते. मग ही निवड करावयाची कशी?

या प्रश्नाचे उत्तर पाण्यात सापडत नाही. दुधातील इतर पदार्थ त्या पाण्यात कोणत्या स्थितीत राहतात, यात ते सापडते. रोजच्या आहारातील मिश्रणांचे जे प्रमुख प्रकार आहेत, त्यांपैकी तीन एकट्या दुधात एकाच वेळी नांदत असतात. म्हणून प्रथम या प्रकारांचा परिचय करून घेऊ आणि मग भेसळीच्या प्रश्नाकडे वळू.

१. मिश्रणांचे प्रकार

पेलाभर पाण्यात चमचाभर साखर घालून ढवळली की ती दिसेनाशी होते. हे पाणी कितीही वेळ ठेवले तरी साखर तळाशी बसत नाही, आणि गाळणकागदातून ओतले तरी ती मागे राहत नाही. साखरेचा एकेक रेणू सुटा होऊन पाण्याच्या रेणूंत मिसळून गेलेला असतो. हे खरे द्रावण होय. पाणी हा द्रावक आणि साखर हा द्राव्य पदार्थ. उलट, पाण्यात तांदळाची पिठी कालवली तर पाणी पांढरे होते खरे, परंतु थोड्याच वेळात पिठी तळाशी बसते. तिचे कण रेणूंच्या मानाने प्रचंड असतात. हे निलंबन होय.

या दोहोंच्या मध्ये एक विस्तीर्ण प्रदेश आहे. त्यातील कण रेणूंहून पुष्कळ मोठे, पण तळाशी बसण्याइतके जड नसतात. थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये या प्रदेशाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. साखर व मीठ यांसारखे पदार्थ चर्मपत्राच्या पडद्यातून सहज पार होतात, सरस किंवा गोंद मात्र अडकून राहतो, असे त्याला दिसून आले. सरसाच्या ग्रीक नावावरून त्याने अशा पदार्थांना जे नाव दिले, त्याला आपण मराठीत 'कलिल' हा प्रतिशब्द वापरतो. कलिल ही पदार्थांची वेगळी जात नसून पदार्थाची एक अवस्था आहे, हे पुढे स्पष्ट झाले. एका द्रवात न विरघळणाऱ्या दुसऱ्या द्रवाचे सूक्ष्म थेंब विखुरलेले असले, तर त्या मिश्रणास 'पायस' म्हणतात.

ग्रॅहमचा प्रयोग दुधावर करून पाहण्यासारखा आहे. दूध सेलोफेनच्या पिशवीत भरून ती पिशवी शुद्ध पाण्यात टांगली, तर काही तासांनी बाहेरच्या पाण्यात दुग्धशर्करा व काही क्षार आढळतात. पांढरेपणा मात्र पिशवीतच राहतो. म्हणजे दुधाचा एक भाग खरे द्रावण आहे आणि दुसरा भाग तसा नाही. मिलिमीटरच्या दहालाखाव्या भागास नॅनोमीटर म्हणतात. त्या मापाने दुग्धशर्करेचा रेणू सुमारे १ नॅनोमीटर, केसीन या प्रथिनाचे कण साधारणतः ५० ते ५०० नॅनोमीटर, आणि स्निग्धाचे गोलक १०० पासून १५,००० नॅनोमीटरपर्यंत भरतात. पहिले द्रावण, दुसरे कलिल, तिसरे पायस. केसीनचे कण व स्निग्धाचे गोलक यांच्यावर आदळून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून दूध पांढरे दिसते. स्निग्ध काढून घेतल्यावर केवळ बारीक कण उरतात आणि ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. साय काढलेल्या पातळ दुधाला निळसर झाक येते ती यामुळेच.

२. द्रावण : दुग्धशर्करा व क्षार

गाईच्या १०० ग्रॅम दुधात सुमारे ४.८ ग्रॅम दुग्धशर्करा असते. तिचे व आपल्या नेहमीच्या साखरेचे रेणुसूत्र एकच आहे; परंतु रेणूतील मांडणी वेगळी असल्यामुळे गुणधर्मांत मोठा फरक पडतो. साधारण तापमानास १०० ग्रॅम पाण्यात साखर सुमारे २०० ग्रॅम विरघळते, मीठ ३६ ग्रॅम विरघळते, दुग्धशर्करा मात्र जेमतेम २० ग्रॅम. दुधात पाणी मुबलक असल्यामुळे एरवी ही अडचण जाणवत नाही. पण दूध आटवून पाणी चतुर्थांशावर आणले की १०० ग्रॅम पाण्यामागे दुग्धशर्करेचे प्रमाण २० ग्रॅमच्या वर जाते. दूध गरम असेतो ती विरघळलेली राहते, कारण उष्ण पाण्यात तिची विद्राव्यता वाढते. निवल्यावर द्रावण अतिसंपृक्त होते आणि स्फटिक पडू लागतात. हे स्फटिक सावकाश वाढून मोठे झाले, तर आटवलेले दूध जिभेला वाळूसारखे लागते. डब्यातील गोड आटीव दूध तयार करताना दुग्धशर्करेची अगदी बारीक पूड मुद्दाम मिसळतात, ती याकरिताच. असंख्य बीजांवर असंख्य सूक्ष्म स्फटिक वाढतात आणि एकही जिभेला जाणवण्याइतका मोठा होत नाही. दाणेदार खव्यातील हवाहवासा दाणा मात्र निराळा. तो साखळलेल्या प्रथिनांचा असतो.

दुधातील सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड इत्यादी क्षारघटकही मुख्यतः या द्रावणातच असतात. कॅल्शियमची गोष्ट वेगळी. त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग द्रावणात, तर उरलेला केसीनच्या कणांत बांधलेला असतो.

३. कलिल : दह्याचे रहस्य

गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. केसीनचे हजारो रेणू कॅल्शियम फॉस्फेटच्या साहाय्याने एकत्र येऊन एक कण बनतो. प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर केसाळ आवरणासारखा एक थर असतो आणि कणावर ऋण विद्युद्भार असतो. समभारी कण एकमेकांस दूर लोटतात, म्हणून दूध दूधच राहते. त्याचा गोळा होत नाही.

विरजण लावल्यावर नेमका या व्यवस्थेवर घाला येतो. विरजणातील जीवाणू दुग्धशर्करेपासून लॅक्टिक अम्ल तयार करतात. ताज्या दुधाचे पीएच मूल्य ६.६ ते ६.७ असते, अम्ल वाढेल तसे ते उतरत जाते. कणांतील कॅल्शियम फॉस्फेट विरघळू लागते, ऋणभार कमी होतो, आणि पीएच ४.६ च्या जवळपास आले की केसीनवरील धन व ऋण भार समसमान होतात. आता कण परस्परांना चिकटतात, त्यांची जाळी तयार होते आणि तिच्या पोकळ्यांत पाणी अडकून राहते. दह्यातील पाणी कोठे गेलेले नसते. ते फक्त कोंडलेले असते. विरजलेले भांडे मध्येच हलविले तर ही नाजूक जाळी तुटते आणि दह्याला पाणी सुटते. दही फडक्यात बांधून टांगले की गुरुत्वाकर्षणाने पाणी निथळून चक्का उरतो. निथळलेल्या पाण्यात दुग्धशर्करा, क्षार व विरघळलेली प्रथिने असतात. त्याची हिरवट पिवळी छटा रिबोफ्लेविन या जीवनसत्त्वाची.

दूध चांगले तापवून मगच विरजावे, ही घरोघरची रीत केवळ जंतुनाशासाठी नाही. तापविल्याने द्रावणातील प्रथिने उलगडतात आणि केसीनच्या कणांना जाऊन बिलगतात. त्यामुळे जाळी अधिक घट्ट होते व पाणी अधिक धरून ठेवते. उकळत्या दुधात लिंबू पिळले तर अम्ल व उष्णता यांचा मारा एकदम होतो. जाळी विणली जाण्यास सवड मिळत नाही, प्रथिनांचे गोळे होतात आणि पाणी वेगळे पडते. पनीर व छाना हे या क्रियेचे फळ.

४. पायस : साय, लोणी आणि तूप

स्निग्धाची घनता पाण्याहून कमी, म्हणून गोलक वर चढतात. जॉर्ज स्टोक्स याच्या १८५१ च्या नियमानुसार चढण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. गोलकाचा व्यास पंचमांश केला, तर वेग पंचविसाव्या भागावर येतो. फ्रान्समधील ऑगस्त गोलँ याने १८९९ मध्ये दूध प्रचंड दाबाने अरुंद फटीतून लोटून गोलक फोडण्याच्या यंत्राचे स्वामित्व मिळविले. अशा रीतीने एकजीव केलेल्या दुधावर साय नीट धरत नाही. याचा अर्थ त्यातील स्निग्ध चोरले गेले, असा नव्हे.

गोलकाभोवती फॉस्फोलिपिडे व प्रथिने यांचे पातळ आवरण असते. ते गोलकांना एकत्र येऊ देत नाही. रवीने घुसळल्यावर हे आवरण फाटते आणि गोलक परस्परांत मिसळू लागतात. मात्र त्यासाठी स्निग्ध अंशतः घन व अंशतः द्रव असावे लागते. सर्वस्वी द्रव असल्यास त्याचे पुन्हा थेंबच होतात. फार घट्ट असल्यास गोलक एकमेकांत शिरत नाहीत. घुसळताना उन्हाळ्यात गार पाणी व हिवाळ्यात कोमट पाणी घालण्याची आपल्या घरातील पद्धत या तत्त्वास धरूनच आहे. लोणी येते त्या क्षणी मिश्रणाची उलटापालट होते. आतापर्यंत पाण्यात स्निग्धाचे थेंब होते. आता स्निग्धात पाण्याचे थेंब असतात. डेअरीच्या लोण्यात किमान ८० टक्के स्निग्ध असते व उरलेल्यात बहुतांश पाणीच. कढविताना जी तडतड ऐकू येते, ती या कोंडलेल्या पाण्याची वाफ होत असल्याची. तडतड थांबली की पाणी संपले; तळाशी बेरी आणि वर तूप.

५. घनतेची साक्ष

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दुधाची परीक्षा करण्याचे सर्वपरिचित साधन म्हणजे लॅक्टोमीटर. ते दुधात किती बुडते, यावरून घनता समजते. गाईच्या दुधाचे विशिष्ट गुरुत्व साधारणतः १.०२८ ते १.०३२ असते, ते १.०३० असल्यास लॅक्टोमीटरवर ३० हा अंक दिसतो. शुद्ध पाण्याचा अंक शून्य. दहा टक्के पाणी घातले तर ३० चे २७ होतात. वरवर पाहता परीक्षा सोपी व निर्णायक वाटते.

परंतु घनता ही एकाच वस्तूची साक्ष देत नाही. दुग्धशर्करा, क्षार व प्रथिने यांच्यामुळे ती वाढते. स्निग्धामुळे ती घटते. म्हणजे लॅक्टोमीटरचा अंक हा दोन विरुद्ध प्रवृत्तींची वजाबाकी होय, आणि वजाबाकीत दोन चुका परस्परांना झाकू शकतात. ३० अंकाच्या व ४ टक्के स्निग्धाच्या दुधातून सर्व स्निग्ध काढून घेतले, तर अंक ३५ च्या जवळ जातो. त्या पातळ दुधाच्या ८५ भागांत १५ भाग पाणी मिसळले की अंक पुन्हा ३० च्या आसपास येतो. लोणीही गेले, पाणीही आले, आणि लॅक्टोमीटर मात्र निर्भेळतेची ग्वाही देत राहिला.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. इतर घटक तेवढेच ठेवून स्निग्धांश ४ ऐवजी ५.५ टक्के धरला, तर अंक ३० वरून सुमारे २८ वर उतरतो. म्हणजे अधिक कसाचे दूध अधिक पाणीदार भासते. शिवाय नुकत्याच काढलेल्या दुधातील स्निग्ध द्रव स्थितीत असते. ते काही तासांत अंशतः घन होते, तेव्हा दुधाची घनता सुमारे ०.००१ ने, म्हणजे लॅक्टोमीटरच्या एका अंकाने वाढते. यास रेकनागेल परिणाम म्हणतात. दूध कोमट असल्यास अंक आणखी उतरतो. तेव्हा धारोष्ण दूध घेऊन संकलन केंद्रावर प्रथम पोहोचणारा शेतकरी, तापमानाची दुरुस्ती न करता वाचलेल्या अंकामुळे, काहीही अपराध नसता संशयास पात्र ठरू शकतो. साधन खोटे नाही. त्याची साक्ष अपुरी आहे.

म्हणूनच लॅक्टोमीटरच्या जोडीला स्निग्धांशाची परीक्षा अवश्य असते. गर्बर पद्धतीत दुधात तीव्र सल्फ्यूरिक अम्ल व थोडे अमिल अल्कोहोल घालून ते मिश्रण केंद्रोत्सारी यंत्रात फिरवितात. अम्ल प्रथिनांना विरघळविते, गोलकांचे आवरण नष्ट होते, पायस मोडते आणि स्निग्धाचा स्वतंत्र थर नळीवर मोजता येतो. स्निग्धांश व तापमानानुसार सुधारलेला लॅक्टोमीटरचा अंक हे दोन्ही हाती आले की स्निग्धेतर घन पदार्थांचे प्रमाण गणिताने काढता येते. सहकारी संस्थांत दुधाचा भाव या दोन आकड्यांवर ठरत आला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे नळीवरील एका रेघेचा शेतकऱ्याच्या घरखर्चाशी किती निकटचा संबंध आहे, हे कळून येईल.

६. गोठणबिंदूची साक्ष

पाणी घातल्याचा अधिक भरवशाचा पुरावा खऱ्या द्रावणाच्या गुणधर्मात आहे. फ्रान्समधील फ्रान्स्वा राउल याने १८८२ च्या सुमारास असे दाखविले की, द्राव्य पदार्थामुळे द्रावकाचा गोठणबिंदू उतरतो आणि हा उतार विरघळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असतो; कण कोणत्या पदार्थाचे आहेत, लहान की मोठे, याला महत्त्व नसते. तर्षण दाबासही हाच नियम लागू पडतो, हे व्हान्ट हॉफ याने पुढे सिद्ध केले; १९०१ चे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यालाच मिळाले.

हा नियम दुधास लावून पाहू. ४.८ ग्रॅम दुग्धशर्करा सुमारे ८७ ग्रॅम पाण्यात विरघळलेली आहे. तिचा रेणुभार ३४२ असल्याने एक किलोग्रॅम पाण्यामागे सुमारे ०.१६ मोल इतके प्रमाण येते. पाण्याचा स्थिरांक १.८६ आहे, त्याने गुणले असता गोठणबिंदूतील उतार ०.३० अंश सेल्सिअस निघतो. क्षारांची भर पडून एकूण उतार सुमारे ०.५४ अंश होतो; म्हणजे दूध शून्याखाली अर्ध्या अंशाहून थोडे अधिक खाली गोठते. केसीनचा वाटा किती? त्याच्या कणाचा भार दहा कोटींच्या आसपास धरला, तर कणांची संख्या इतकी अल्प भरते की उतार अंशाच्या दशलक्षांशाएवढाही होत नाही. स्निग्ध तर पाण्यात विरघळतच नाही. तेव्हा साय काढली काय किंवा राखली काय, गोठणबिंदू ढळत नाही. दहा टक्के पाणी मिसळले मात्र, की ०.५४ चा उतार ०.४९ च्या आत येतो. दर एक टक्का पाण्यामागे सुमारे ०.००५ अंशाचा हा फरक सूक्ष्म खरा. परंतु ज्यूलियस हॉर्टव्हेट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये यासाठी खास उपकरण सिद्ध केले आणि आजची विद्युत् उपकरणे अंशाचा सहस्रांश सहज मोजतात.

परंतु मूळ गोठणबिंदूच प्रत्येक गाईगणिक बदलत असेल, तर या सूक्ष्मतेचा उपयोग काय? निसर्गानेच येथे साहाय्य केले आहे. कासेत दूध तयार होते ते रक्ताशी तर्षणाचा समतोल राखून. म्हणून दुधाचा तर्षण दाब, आणि त्याबरोबरच गोठणबिंदू, रक्ताच्या मर्यादेत जखडलेला असतो. कासदाहाच्या रोगात दुग्धशर्करा घटते, पण तितक्या प्रमाणात सोडियम क्लोराइड वाढते आणि तोल सांभाळला जातो. असे दूध खारट लागते ते यामुळेच. स्निग्धांश दर धारेला बदलेल, गोठणबिंदू फारसा बदलणार नाही. जात, ऋतू व चारा यांमुळे जो थोडा फरक पडतो, त्याचा निर्णय करण्यासाठी संशयित गोठ्यात तपासनीसासमक्ष धार काढून तो नमुना तुलनेस घेतात. आरोपी मनुष्य, पण अखेरची साक्ष गाईची!

या परीक्षेलाही मर्यादा आहेतच. दूध आंबले की दुग्धशर्करेच्या एका रेणूपासून लॅक्टिक अम्लाचे चारपर्यंत रेणू होतात. कणसंख्या वाढते, उतार वाढतो आणि घातलेले पाणी झाकले जाते. म्हणून नमुना ताजाच हवा. पाण्याबरोबर साखर, मीठ किंवा युरिया घालून घनता व गोठणबिंदू या दोहोंची फसवणूक करण्याचे प्रकारही घडतात. तेथे प्रत्येक पदार्थाची स्वतंत्र रासायनिक परीक्षा करावी लागते : साखरेसाठी रिसॉर्सिनॉल व हायड्रोक्लोरिक अम्ल यांनी येणारा लाल रंग, पिष्टासाठी आयोडिनाचा निळा रंग, इत्यादी.

७. उपसंहार

पाणी घालणे हाच गुन्हा आहे काय? १९४० नंतरच्या दशकात मुंबईत दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने म्हशीच्या दुधात स्निग्धविरहित दुधाची भुकटी व पाणी प्रमाणात मिसळून 'टोन्ड' दूध तयार करण्यात आले. स्निग्ध ३ टक्के व इतर घन पदार्थ ८.५ टक्के ही त्याची मर्यादा जाहीर आहे. तेथे पाणी आहे, पण फसवणूक नाही. कारण पाण्याबरोबर द्रावण व कलिल यांचे घटकही प्रमाणात आले आहेत आणि ग्राहकास ते सांगितलेले आहे. न सांगता घातलेले पाणी मात्र ज्या बालकाचे पोषण केवळ दुधावर चालते, त्याच्या आहारातून प्रथिने व कॅल्शियम हिरावून घेते, आणि ते पाणी दूषित असल्यास रोगही आणते. १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा आणि त्याच्या जागी आलेला २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा यांची प्रयोजने येथे आहेत.

हंसाचे काम, तात्पर्य, एका साधनाने होत नाही. स्निग्धाची परीक्षा पायसाचा हिशेब देते, घनता सर्वांची गोळाबेरीज सांगते, आणि गोठणबिंदू केवळ द्रावणाविषयी बोलतो. तिघांच्या साक्षी एकत्र वाचल्या म्हणजे पाणी घालणारा क्वचितच सुटतो; आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, न घालणाऱ्यावर खोटा ठपका येत नाही.